मासिकात नकाशे काढणारी इंटर्न: अर्जापासून छपाईपर्यंत

पहिल्या दिवशी मला कॉम्प्युटर मिळाला नाही. मिळाला तो जोडपानावर येणाऱ्या एका नकाशाचा भलामोठा प्रिंट, एक पिवळी पेन्सिल आणि एक लाल. नकाशा आफ्रिकेतल्या एका नदीखोऱ्याचा होता. वरिष्ठ बाई म्हणाल्या, प्रत्येक नाव, प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेषा तपास. पटलं तर पिवळी खूण, शंका आली तर लाल. चार दिवस मी एवढंच केलं. रात्री आईला फोनवर म्हटलं, "अगं, नकाशे कसले काढतेय, वह्या तपासतेय." आईची सगळी नोकरी शाळेत गेलेली. ती म्हणाली, "मग नीट तपास. नुसत्या टिका मारत सुटू नकोस."

वॉशिंग्टनमधल्या ज्या मासिकात मी इंटर्न होते त्याचं नाव इथे लिहीत नाही, तिथल्या आतल्या गोष्टी बाहेर न बोलण्याचं मी सही करून कबूल केलंय. पण या कामाचं स्वरूप बऱ्याच मोठ्या मासिकांत सारखंच असतं. हल्ली भूगोल, भूमाहितीशास्त्र किंवा डिझाइन शिकणारी मराठी मुलं-मुली मला विचारतात, "ताई, तिथे नक्की करायचं काय असतं?" म्हणून हा लेख. एक गोष्ट आधीच सांगते. नकाशात काय घालायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही, आणि जे ठेवलं ते कशाच्या आधारावर, हे ठरवण्यात इंटर्नचा बहुतेक वेळ जातो. खोडायला आणि तपासायला कंटाळा येत असेल तर हे काम तुमचं नाही.

थोडा इतिहास माहीत असू द्या

मुलाखतीत इतिहासाची परीक्षा कोणी घेत नाही, पण मासिकातले नकाशे असे का दिसतात हे कळायला नॅशनल जिओग्राफिककडे बघावं लागतं. संस्था आणि मासिक दोन्ही १८८८चं. १९१५ साली त्यांनी स्वतःचा नकाशा विभाग काढला आणि त्याचे पहिले प्रमुख होते अल्बर्ट बमस्टेड. सदस्यांना घरपोच येणारे घडीचे पुरवणी नकाशे हे त्या मासिकाचं वैशिष्ट्य. लोक ते भिंतीवर लावत. १९३०च्या दशकात तिथल्याच चार्ल्स रिडिफर्ड यांनी नकाशांसाठी खास अक्षरं घडवली, आणि त्या नकाशांची ओळख आजही पहिल्यांदा अक्षरांवरूनच पटते. जगाच्या नकाशासाठी त्यांनी १९२२ पासून व्हॅन डर ग्रिन्टेन प्रक्षेपण (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत) वापरलं, १९८८ साली रॉबिन्सन घेतलं आणि १९९८ साली विंकेल ट्रिपेल. शंभर वर्षांची दादा संस्था, तिलाही जगाचा आकार तीनदा नव्याने ठरवावा लागला. तुमचा नकाशा चौथ्यांदा परत आला तर हे आठवा.

अर्जाआधी: पोर्टफोलिओ

बहुतेक अर्जांत दहा-बारा नकाशे असतात आणि त्यातले आठ कॉलेजच्या प्रॅक्टिकलचे. लोकसंख्येची घनता, पर्जन्यमान, जमिनीचा वापर. सगळे बरोबर आणि सगळे एकसारखे. त्यापेक्षा चारच नकाशे ठेवा, पण त्यातला निदान एक असा हवा की जो तुमच्याशिवाय कोणाला काढता आला नसता.

माझा तो नकाशा वारीचा होता. आळंदीहून पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरस आणि वाखरीवरून पंढरपूर. गावं कुठल्याही डेटात सापडतात. पण तरडगावच्या अलीकडे पहिलं उभं रिंगण होतं ते चांदोबाचा लिंब हे ठिकाण मला कुठल्याच डेटात मिळालं नाही. त्यासाठी मी मामांच्या गाडीवर मागे बसून गेले आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपून आणले. मुलाखतीत त्यांनी रंगांबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते हे: "ही नदी इथे भीमा आहे, मग पंढरपूरला तिचं नाव वेगळं का?" मी सांगितलं की तिथे नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि वारकऱ्याच्या नकाशावर तिथे भीमा लिहिलं तर तो नकाशा वारीचा राहणार नाही. पुढचा प्रश्न होता, "काय काय काढून टाकलंस?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. तुमच्याकडे असू द्या. प्रत्येक नकाशाखाली तीन ओळी लिहा: कोणासाठी काढला, माहिती कुठून घेतली, काय वगळलं आणि का.

हत्यारं कोणती? क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. मासिकं शेवटचा हात बहुतेक अडोबी इलस्ट्रेटरमध्ये फिरवतात आणि डोंगरांच्या छाया फोटोशॉपमध्ये. इलस्ट्रेटरमध्येच भौगोलिक डेटा हाताळता यावा म्हणून कॅनडातल्या अव्हेन्झा कंपनीचं मॅपपब्लिशर हे जोडसॉफ्टवेअर अनेक ठिकाणी असतं. ते तिथे गेल्यावर शिकता येतं. कॉलेजात भूमाहितीशास्त्र नसेल तर डेहराडूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे इस्रोच्या सुदूर संवेदन संस्थेचे, ऑनलाइन अभ्यासक्रम बघा. उत्तर अमेरिकेतल्या नकाशाकारांची नॅसिस ही संस्था १९८० पासून आहे. तिच्या वार्षिक संमेलनात मासिकांतली आणि वृत्तपत्रांतली माणसं येतात आणि विद्यार्थ्यांशी मोकळेपणी बोलतात. नोकरीची जाहिरात निघण्याआधीच तिची कुणकुण लागते ती अशा ठिकाणी.

व्हिसाचं थोडक्यात: अमेरिकेत आधीच शिकत असाल तर एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा पदवीनंतर ओपीटी या काम करायच्या परवानगीवर इंटर्नशिप करता येते. भारतातून थेट जायचं तर जे-१चा इंटर्न प्रकार असतो. तो सध्या शिकत असलेल्यांसाठी किंवा पदवीला बारा महिने झालेले नसलेल्यांसाठी आहे आणि त्यासाठी यजमान संस्थेने प्रशिक्षणाचा लेखी आराखडा द्यावा लागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन "नुसतं शिकतेय" म्हणत काम करायचं नाही. आणि मानधन किती, हे पहिल्याच ईमेलमध्ये नाही पण होकार देण्याआधी नक्की विचारा. वॉशिंग्टनमधलं खोलीभाडं ऐकून आपल्याकडच्या माणसाला घेरीच येते. आम्ही तिघी एका घरात राहत होतो, तरी महिनाअखेर खिचडीच.

पहिला आठवडा: शैलीपुस्तिका

प्रत्येक चांगल्या मासिकाची नकाशांसाठी वेगळी शैलीपुस्तिका असते. कुठल्या शहराला किती मोठा ठिपका, राज्याची सीमा कशी तुटक, समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत की मीटरमध्ये, "पर्वत" हा शब्द पूर्ण लिहायचा की संक्षेपाने. ती कादंबरीसारखी वाचू नका, वाचवणारच नाही. त्याऐवजी मागच्या दोन-तीन अंकांतले नकाशे घ्या, त्यातला एक जसाच्या तसा पुन्हा काढून बघा आणि अडेल तिथे पुस्तिका उघडा. दोन दिवसांत हात बसतो.

"सर", "मॅडम" तिथे चालत नाही. साठी उलटलेल्या नकाशाकारालाही नावाने हाक मारायची. मला महिनाभर तोंडातून नाव निघेना, म्हणून मी नुसतंच "हाय" म्हणत असे. हे कोणी शिकवत नाही, म्हणून लिहिलं.

नकाशा हातात आला की आधी लेख वाचा

ही पायरी मी चुकवली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. मला एका लेखासाठी छोटा नकाशा दिला: एक नदी, दोन रस्ते, पाच-सहा गावं. एका गावाचं नाव रस्त्यावर चढत होतं. कितीही हलवलं तरी बसेना. गाव लहान होतं, म्हणून मी ते काढून टाकलं. नकाशा एकदम मोकळा, सुरेख दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी तपासनीस माझ्या टेबलाशी आला आणि लेखाचं पहिलं वाक्य मला वाचून दाखवलं. लेखिकेचा प्रवास त्याच गावातून सुरू होत होता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: लेखाचा मसुदा छापून घ्यायचा, त्यातलं प्रत्येक ठिकाणाचं नाव अधोरेखित करायचं आणि त्याची यादी करायची. यादीतली नावं नकाशावर आलीच पाहिजेत, मग ती कितीही लहान असोत. बाकीची नावं वाचकाला जागा ओळखीची वाटावी एवढ्यापुरती. मजकूर संपादकाने बदलला तर यादी पुन्हा करायची, आणि मजकूर शेवटपर्यंत बदलतच असतो.

पाया: प्रक्षेपण, प्रमाण, डेटा

वेबवर जे नकाशे रोज बघतो ते मर्केटर घराण्यातले. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. मासिकात हे चालत नाही. एखाद्या देशाचा किंवा राज्याचा नकाशा असेल तर साधारणपणे शंकू प्रक्षेपण घ्या. दोन प्रमाण अक्षवृत्तं, म्हणजे ज्यांच्यावर नकाशाचं प्रमाण अचूक राहतं ती, कुठे घ्यायची यासाठी जुना आडाखा आहे: वरून आणि खालून उंचीचा सहावा हिस्सा आत या. महाराष्ट्र साधारण १५.६ ते २२ अंश उत्तर या पट्ट्यात आहे, म्हणजे १६.७ आणि २०.९ अंशांच्या आसपास. एवढं केलं की राज्य वेडंवाकडं ताणलेलं दिसत नाही.

प्रमाणाचं गणित पाठच असायला हवं. आपलं राज्य पूर्व-पश्चिम साधारण ८०० किलोमीटर. ते १६ सेंटिमीटर रुंदीच्या पानावर बसवलं तर १ सेंटिमीटरला ५० किलोमीटर, म्हणजे पन्नास लाखाला एक. आता मुळा-मुठेची अर्ध्या मिलिमीटरची निळी रेघ ओढा. ती जमिनीवर अडीच किलोमीटर रुंद झाली! पुण्याच्या बऱ्याचशा पेठा तिच्या पोटात गेल्या. म्हणून नकाशावरची नदी हा नदीचा फोटो नसतो. ती तिची खूण असते आणि शेजारच्या गोष्टी तिच्यासाठी थोड्या सरकवाव्या लागतात. किती सरकवायच्या ते अनुभवाने कळतं. पण नदीच्या डाव्या काठचं गाव उजव्या काठावर गेलं की तो गुन्हाच.

प्रमाण आकड्यात लिहू नका, पट्टी काढा. शेवटच्या क्षणी कलादिग्दर्शक नकाशा दहा टक्के लहान करतो, आणि करतोच. मग आकडा खोटा ठरतो. पट्टी मात्र नकाशाबरोबर आक्रसते आणि खरीच राहते. जगाच्या नकाशावर मात्र पट्टीही नको, कारण तिथे विषुववृत्तावरचं प्रमाण वेगळं आणि वरचं वेगळं.

पायाभूत डेटासाठी नॅचरल अर्थ सगळेच वापरतात. टॉम पॅटरसन आणि नॅथॅनियल केल्सो यांच्या पुढाकाराने २००९ साली तो खुला झाला. त्याचं सर्वात तपशीलवार प्रमाण एक कोटीला एक आहे. म्हणजे वरचा पन्नास लाखांचा महाराष्ट्र त्यातून काढला तर तुम्ही डेटा दुपटीने ताणताय. किनारा सपाट दिसणार आणि नदी दरी सोडून डोंगरावर चढणार. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप घ्या, उपग्रहचित्रं घ्या, हाताने दुरुस्त करा. उंचीचा डेटा बहुधा एसआरटीएम या अवकाश मोहिमेचा असतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने मोजलेला. त्यानंतर बांधलेलं धरण त्यात दिसत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि धरणाचं पाणी कुठल्या महिन्यातलं? उजनीचा जलाशय दिवाळीच्या सुमाराच्या उपग्रहचित्रात बघा आणि मे महिन्यात बघा. मे महिन्यात पाणी एवढं हटतं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. दोन्ही आकार खरे. पूर्ण भरलेली रेषा काढायची हा बहुतेकांचा नियम आहे, पण लेख दुष्काळाचा असेल तर तोच नियम खोटं बोलायला लागतो. अशा वेळी गप्प बसून नियम पाळू नका, जाऊन विचारा. इंटर्नने विचारलेला असा प्रश्न लोक लक्षात ठेवतात.

बाकी एक चूक प्रत्येकाच्या हातून एकदा होते, तेव्हा लाजू नका. अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे पडतात. मी कॉलेजात असताना पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ उलटे भरले, तर पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडलं. तीन तास मी प्रक्षेपणाला शिव्या घालत होते.

डोंगराच्या छाया

नकाशावर डोंगर उठावदार दिसावेत म्हणून ऊन वरून डावीकडून, म्हणजे वायव्येकडून, पडतंय असं धरतात. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, पण खरी दिशा घेतली, म्हणजे खालून उजेड टाकला, तर डोळ्याला दऱ्या डोंगर आणि डोंगर दऱ्या वाटायला लागतात. एक प्रिंट उलटा धरून बघा, लगेच पटेल.

सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की छाया तयार, असं वाटतं. सह्याद्रीवर करून बघा म्हणजे फजिती कळेल. कोकणाकडचे कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे. उजेड वायव्येचा असला की तेच कडे लख्ख पांढरे होतात आणि देशाकडचा मंद उतार सावलीत जातो. हजार मीटरचा कडा कागदावर नुसता फिकट पट्टा दिसतो. स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांचं म्हणणं असं की उजेडाची दिशा डोंगररांगेप्रमाणे जागोजागी थोडी फिरवावी. मी सह्याद्रीसाठी दोन छाया करते, एक वायव्येची आणि एक नैर्ऋत्येकडे झुकलेली, आणि फोटोशॉपमध्ये कड्यापुरत्या एकमेकींत मिसळते. मन लावून केलं तर एक दिवस जातो. माहुलीचे सुळके दिसायला लागले की मी थांबते.

छायेचा सर्वात उत्तम नमुना बघायचा असेल तर ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांच्या देखरेखीखाली झालेला, १९८८च्या नोव्हेंबरात नॅशनल जिओग्राफिकबरोबर आलेला एव्हरेस्टचा नकाशा मिळवा. प्रमाण पन्नास हजाराला एक. भिंग घेऊन बसा.

अक्षरं बसवणं

या कामाची खरी कसोटी इथे लागते आणि नवखे इथेच घाई करतात. ठिपक्याचं नाव सहसा उजवीकडे किंचित वर. किनाऱ्यावरच्या शहराचं नाव पूर्ण समुद्रात जावं, आतल्या गावाचं पूर्ण जमिनीवर. मुंबई आणि अलिबाग डावीकडे अरबी समुद्रात, रोहा उजवीकडे जमिनीवर. नाव किनाऱ्याची रेघ ओलांडून अर्धं पाण्यात अर्धं कोरड्यात असं लटकू नये. ठिपका आणि त्याचं नाव यांच्यामधून नदी किंवा सीमा गेली तर वाचक ते नाव पलीकडच्या गावाला लावणार. ठाणं मात्र खाडीमुळे छळतं. त्यासाठी मी एकदा अर्धा तास घालवलाय आणि तरी समाधान झालं नाही.

पाण्याची नावं इंग्रजी नकाशांत तिरक्या अक्षरात असतात. नदीचं नाव नदीच्या वळणाबरोबर वळतं, पण कधीही उलटं वाचावं लागत नाही. डोंगररांगेचं नाव अक्षरं लांब लांब टाकून रांगभर पसरायचं.

आता हेच मराठीत करून बघा. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. तिरकी अक्षरं संगणकाने कलती केलेली, बघवत नाहीत. आणि अक्षरं लांब टाकायला गेलं की शिरोरेखा तुटते. "सह्याद्री" पसरवला की एका शब्दाचे तीन अनाथ तुकडे होतात. वळणावर ठेवलं तर शिरोरेखा खिळखिळी होते, वेलांट्या-उकार शेजारच्या अक्षराला धडकतात. म्हणून मराठी नकाशात तिरक्या अक्षरांचं काम मी रंगावर सोपवते: पाणी निळं, डोंगर तपकिरी, गावं काळी. लांब रांगेचं नाव पसरवण्याऐवजी सलग शब्द दोन-तीन ठिकाणी लहान अक्षरात पुन्हा लिहिते. आणि नावाच्या वर थोडी जास्त जागा सोडते, कारण अनुस्वार-रफार तिथे असतात. हे नियम मला कोणी शिकवले नाहीत, माझे मीच बसवलेत. तुम्हाला याहून चांगले सुचले तर वापरा. देवनागरी नकाशांसाठी अशी शैलीपुस्तिका कोणीतरी नीट लिहायला हवी.

नावं आणि सीमा

स्वतःची मतं दाराबाहेर काढून ठेवायची वेळ इथे येते. माझ्या मनात ते गाव बेळगाव आहे आणि राहील. पण १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकाने अधिकृत नाव बेळगावी केलंय, आणि शैलीपुस्तिका चालू सरकारी नाव घ्यायला सांगत असेल तर नकाशावर तेच जातं. आपल्याच औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं. जुन्या नावाने ओळखणारा परदेशी वाचक आहे, मग दुसरं नाव कंसात द्यायचं का? हा निर्णय इंटर्नचा नाही. इंटर्नचं काम एवढंच की नाव कधी, कोणाच्या आदेशाने बदललं त्याचा कागद शोधून वरिष्ठांपुढे ठेवणं.

कंसातलं नाव किती महाग पडू शकतं ते बघा. २००४ साली नॅशनल जिओग्राफिकच्या जगाच्या ॲटलासच्या आठव्या आवृत्तीत पर्शियन गल्फखाली कंसात अरेबियन गल्फ छापलं गेलं, आणि इराणने त्या संस्थेच्या प्रकाशनांवर नि पत्रकारांवर बंदी घातली.

भारताच्या सीमेचं तर विशेषच. १९६१च्या कायद्याप्रमाणे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रकाशित केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशी मासिकं बहुधा प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे त्यावर सीमा काढतात आणि वादग्रस्त भाग तुटक रेषेने दाखवतात. तुमचा पोर्टफोलिओ भारतात खुला राहणार असेल तर त्यात सर्वेक्षण विभागाचीच सीमा घ्या. नॅचरल अर्थमध्येही भारताच्या भूमिकेप्रमाणे काढलेल्या सीमांची वेगळी फाइल मिळते, पण ती सुद्धा सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर ताडून बघा. ऑफिसात हा विषय निघाला तर भांडू नका, पण मान खाली घालून बसायचंही कारण नाही. कायदा काय आहे ते शांतपणे सांगा. त्यांना तो माहीत असतो, तरी भारतातून आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेला बरा वाटतो.

तपासणी

प्रत्येक नावाला दोन स्वतंत्र आधार हवेत. "स्वतंत्र" या शब्दावर जोर द्या. दोन संकेतस्थळांवर एकच चूक शुद्धलेखनासकट दिसली तर तो एकच आधार, दुसऱ्याने पहिल्याचं उचललेलं. आधारांची तक्त्यात नोंद ठेवा: नाव, आधार एक, आधार दोन, कोणत्या तारखेला बघितलं. महाराष्ट्रातली वडगावं मोजायला बसलात तर दिवस जाईल, म्हणून गावाच्या नावापुढे तालुका लिहिल्याशिवाय माझा तक्ता पुढे सरकत नाही.

स्क्रीनवर तपासू नका. छापा, भिंतीला लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. आणि एकदा उलट दिशेने बघा, खालून वर. नेहमीच्या क्रमाने बघताना डोळा जे गिळतो ते तेव्हा दिसतं. नदी कुठून कुठे वाहते तेही तपासा. त्र्यंबकेश्वरला उगमापाशी अरबी समुद्र ८० किलोमीटरवर असताना गोदावरी पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर बंगालच्या उपसागराकडे जाते, हे न माहीत असणाऱ्याने बाण उलटा काढला तर त्याला दोष देता येत नाही. दोष तपासणाऱ्याचा.

सुट्टीच्या दिवशी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मॅडिसन इमारतीतल्या नकाशा विभागात जा. वाचक ओळखपत्र फुकट मिळतं. शेजारच्या जेफरसन इमारतीत वाल्डझेमुलरचा १५०७चा नकाशा आहे, ज्यावर "अमेरिका" हे नाव पहिल्यांदा आलं. २००३ साली तो एक कोटी डॉलरला घेतला. मी तिथे दुसऱ्यांदा गेले ती फक्त त्यातली अक्षरं कुठे आणि कशी बसवलीत ते बघायला.

छपाईला जाताना

हे भराभर. जोडपानाच्या शिवणीत शहर, नाव किंवा चेहरा येऊ देऊ नका, तिथले चार-पाच मिलिमीटर गेलेच समजा. अक्षरं शुद्ध काळ्या शाईची हवीत. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरा सरकला की बारीक अक्षराला भूत लागतं. अक्षरांच्या आकारात सहा पॉइंटच्या खाली जाऊ नका. लाल-हिरव्याच्या फरकावर अर्थ टांगू नका, कारण पुष्कळ पुरुषांना तो फरक दिसत नाही. फाइल एकदा करड्या रंगात छापून बघा. फाइलच्या नावात "फायनल" हा शब्द कधीही लिहू नका, तारीख लिहा.

लेयरची नावं दुसऱ्याला कळतील अशी ठेवा. तुम्ही गेल्यावर वर्षभराने कोणीतरी तो नकाशा दुरुस्तीला उघडणार. त्याच्यासाठी फाइलसोबत एक पानभर टिपण ठेवा: कुठला डेटा, कुठल्या तारखेचा, कुठे हाताने सरकवलं, कुठली लाल खूण अजून उरलीय.

निघायच्या आठवड्यात दोन गोष्टी मागून घ्या. छापील अंकाच्या दोन-तीन प्रती, कारण नंतर मिळत नाहीत. आणि पोर्टफोलिओत कुठले नकाशे दाखवायची परवानगी आहे, ते लेखी. नाव छापून येईल अशी आशा धरू नका. आलंच तर पानाच्या कडेला, उभ्या ओळीत, वाचायला मान वाकडी करावी लागेल एवढ्या बारीक अक्षरात येतं. माझं एकदा आलं होतं. आईने भिंग काढून बघितलं आणि आडनावातलं एक अक्षर चुकलंय म्हणून लाल पेनाने खूण केली. चूक माझीच होती. तो मजकूर मीच टाइप केला होता आणि स्वतःचं नाव कोण तपासतं म्हणून सोडून दिलं होतं.